चिवड्याचे दोन डबे

आमच्या खालच्या मजल्यावरची ती मुलगी एअर होस्टेस आहे. नाशिकरोडहून भाजी घेऊन आली तरी दारातच किल्ल्या, मोबाइल, घड्याळ काढून ताटात ठेवते. मी हसलो की म्हणते, "सवय आहे, काका."

परवा मी दुबईला लेकीकडे निघालो. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे तीच, रजेवर, बुरख्यातल्या अम्मीला घेऊन. तपासणीवाल्यानं अम्मीची बॅग उघडली, चिवड्याचा डबा ट्रेमध्ये उपडा केला आणि पेनानं उकरत "इसमें क्या है?" असं तीनदा विचारलं. अम्मी कानकोंडी झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, तुझं कार्ड दाखव ना! एरवी सलाम ठोकत असतील तुला."

"युनिफॉर्मला ठोकतात, काका. कार्ड दाखवलं तर मला सोडतील. अम्मीला नाही."

तिनं चिवडा परत डब्यात भरला. एक शेंगदाणासुद्धा सोडला नाही.

मग माझी बॅग आली. आत त्याच दुकानातला, तसाच डबा. त्यानं माझ्या कपाळावरचं गंध पाहिलं आणि म्हणाला, "जाइए, बाबूजी."

आणि इतका वेळ तणतणणारा मी बॅग उचलून मुकाट्यानं चालू लागलो.