रविवारी न लिंपलेला तडा

१९ नोव्हेंबर १९७३. तीन जीव गेले.

देगू शहरात, आमच्या प्रार्थनामंदिरामागच्या गल्लीत, सूतगिरणीतल्या तीन मुली भाड्याच्या एका खोलीत राहत. खोलीच्या जमिनीखालून कोळशाच्या विटांची धग फिरे. जमिनीला तडा गेला की धगीबरोबर विषारी वायूही वर येई. असे तडे लिंपणारा गवंडी मेंग दल्सू हा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा डीकन, म्हणजे सेवेकरी. बावीस वर्षांत त्याने प्रभूच्या दिवशी, म्हणजे कामाला मनाई असलेल्या रविवारी, थापीला हात लावला नव्हता.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, पवित्र शास्त्र काखेत धरून तो उपासनेला निघाला होता. त्या तिघींपैकी मल्सूनने त्याला फाटकात अडवले.

"काका, रात्रभर डोकं ठणकत होतं तिघींचं. भिंतीकडचा तडा वाढलाय. बघा ना जरा."

"आज नाही गं. उद्या उजाडताच येतो. आज खिडकी उघडी ठेवून झोपा."

"या थंडीत? मग तुमच्या देवालाच पाठवा काका, पांघरूण घेऊन!"

ती हसली. तोही हसला.

सोमवारी उजाडताच तो गाऱ्याची बादली घेऊन गेला. खिडकी बंद होती. काम अर्ध्या तासाचे होते.

पोलिसांनी त्याला काही विचारले नाही. मुलीने त्याला अडवले होते, हे त्याच्या बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. वसंतात मंडळीला कारभार पाहणारा नवा वडील, म्हणजे डीकनहून वरचा पुढारी, निवडायचा होता. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, दल्सूचे नाव सुचवले. प्रभूचा दिवस इतक्या काटेकोरपणे पाळणारा दुसरा कोणी नव्हता.

"जन्मभर तडेच बुजवलेत," बायको म्हणाली, "हाही बुजवा, आणि बसा वडिलांच्या बाकावर."

तो पाळकांकडे गेला आणि सारे सांगितले.

"तुम्ही आज्ञा पाळलीत, मेंग. तुमचा काय दोष?"

"मेंढरू खड्ड्यात पडलं तर विश्रांतीच्या शब्बाथ दिवशीही बाहेर काढावं, हे प्रभूनंच सांगितलंय ना, पाळकसाहेब? मी त्या पोरींना मेंढराएवढंही मोजलं नाही."

"हे मंडळीपुढे नका बोलू. रविवारी दुकानं उघडायला लोक निमित्तच शोधतायत. ते तुम्हीच द्याल त्यांना."

पाळकांची भीती खोटी नव्हती. दल्सूलाही आज्ञा चुकीची वाटत नव्हती. पण त्या सकाळी त्याने ना विचार केला होता, ना प्रार्थना. सवयीने उत्तर दिले होते आणि सवयीला देवाचे नाव दिले होते. आता गप्प राहिला, तर त्याच उत्तराबद्दल त्याला मान मिळणार होता.

मतदानाआधी तो उभा राहिला. सांगायला चार मिनिटे लागली. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "मग आम्ही रविवारी करायचं तरी काय?" मते पुरेशी पडली नाहीत.

उन्हाळ्यात तो मुलींच्या घरी जाऊ लागला. उइसंग गावी मल्सूनचा बाप लसणाच्या जुड्या बांधत बसला होता. त्याने ऐकून घेतले, बसा म्हटले नाही. दुसरीचा भाऊ म्हणाला, "सांगून तुमचं ओझं उतरलं. माझं कुठं ठेवू?"

तिसरी वयाने लहान होती. तिने कोणा मोठ्या मुलीच्या कागदांवर नोकरी धरली होती. गिरणीच्या नोंदीतले नाव तिचे नव्हते, गावही तिचे नव्हते. तिच्या घरी सांगायचे अजून राहिले आहे.