नाल्यापलीकडची पाच घरं

वर्ध्याच्या एसटी स्टँडवर मी सकाळी सहाला पोहोचले, तेव्हा हिंगणघाटची गाडी लागलेली होती आणि माझी जोडीदार नलू हिचा पत्ता नव्हता. जानेवारीचा महिना, १९७८ साल. आमच्या दापोलीकडच्या माणसाला ठाऊकच नसते अशी कोरडी थंडी होती. मी पिशवीत पुन्हा पुन्हा हात घालून बघत होते: पाहणीपत्रकं आहेत, पाठाच्या टाचणाची वही आहे, खडूची पेटी आहे. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना नलूचे वडील सायकलवरून आले.

"नलूले ताप हाये. डॉक्टर टायफाइड म्हणून राह्यले," ते म्हणाले. "तुमी जा बाई. काळजीनं जाजा."

मी एकटी गाडीत बसले.

मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. माझा भाऊ रेल्वेत वर्ध्याला होता, म्हणून बी.एड.साठी इथल्या कॉलेजात नाव घातलं. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. त्यानंतर लग्न, हे ठरलेलं. सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाचा एक भाग म्हणून आम्हाला जोडीजोडीनं एका खेड्यात चार दिवस राहायचं होतं, वीस घरांची पाहणी करायची होती आणि चौथ्या दिवशी त्याच गावच्या शाळेत, त्याच पाहणीवर, सातवीला पाठ द्यायचा होता. पाठ बघायला आमचे ठोंबरे सर येणार होते. दिवाळीनंतरच्या माझ्या पहिल्या पाठात मी मध्येच गप्प झाले होते. काय बोलायचं तेच आठवेना. सरांनी वहीत एकच शब्द लिहिला होता, "असमाधानकारक". दुसरा पाठही तसाच गेला तर वर्ष वाया जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हिंगणघाटला गाडी बदलली, समुद्रपूरला चहा घेतला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) वेचून झालेली, करड्या काड्यांची शेतं. मग लांबून गिरडची टेकडी दिसली, वर दर्ग्याचा पांढरा घुमट. गाडीतली निम्मी माणसं तिथं उतरणारी होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं की त्या टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात, लोक ते घरी नेतात.

"तुमीबी जाता का बाबाच्या दर्शनाले?"

"नाही, मी पुढच्या गावी. शाळेत."

"मास्तरीण हौ?"

"अजून नाही," मी म्हणाले.

गिरडहून पुढे दोन कोस बंडीनं (बैलगाडीनं) गेले. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

माझी सोय शाळेच्या हेडमास्तरांच्या घरी होती. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या जेवणाला त्यांनी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वरण वाढलं. "सांभार टाकू का वरून?" त्यांनी विचारलं. मी घाईनं म्हणाले, "नको, वरण आहे ना." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग चिमूटभर कोथिंबीर हातात धरून दाखवली. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. त्या हसल्या, मीही हसले. पण मनात आलं, मला इथल्या कोथिंबिरीचं नाव माहीत नाही आणि मी या गावावर पाठ देणार.

पहिले दोन दिवस मी घरोघर फिरले. पत्रकात घरातली माणसं, शिक्षण, धंदा, जमीन, गुरं, घरात येणारं वर्तमानपत्र असे रकाने होते. दोघींचं काम एकटीला करायचं, त्यात इथली बोली. "काऊन पायजे तुमाले हे?" असं प्रत्येक घरात विचारत. मी अभ्यासासाठी म्हटलं की "कायचा अभ्यास?" असा पुढचा प्रश्न यायचा. लोक चांगले होते. कुणी उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढ्यात ठेवल्या, कुणी बसायला गोधडी टाकली. पण एकेका घराला तास जाई. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पंधरा घरं झाली.

उरलेली पाच नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली होती. घरप्रमुखांची नावं ग्रामपंचायतीच्या यादीतून मी आधीच उतरवून घेतली होती. दुपारी एकला मी नाला ओलांडून तिथं गेले. पाचही दारांना बाहेरून कडी. एक शेळी, वाळत घातलेली लुगडी, माणूस कुणी नाही. सगळे वावरात (शेतात) गेलेले. मी अर्धा तास एका ओट्यावर बसले. संध्याकाळी परत यायला हवं, हे मला समजत होतं. पण दुसऱ्या दिवशी अकराला पाठ होता, टाचण लिहायचं होतं, तक्ता रंगवायचा होता, आणि ठोंबरे सर शेवटच्या बाकावर बसलेले मला तीन दिवस डोळ्यांसमोर दिसत होते.

मी वहिनींच्या घरी आले आणि ती पाच पत्रकं भरली. नावं खरी, बाकी सगळं मनानं. धंदा: शेतमजुरी. शिक्षण: निरक्षर. वर्तमानपत्र: नाही. पाचही घरांना तेच. दहा मिनिटं लागली. अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. जेवताना मात्र मी अर्धी भाकरी तशीच ठेवली. वहिनी म्हणाल्या, "उद्याची काळजी करून राह्यल्या तुमी." मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी ठोंबरे सर पहिल्या गाडीनं आले. धोतर, कोट, काखेत वही. ते मागच्या बाकावर बसले. मी तक्ता लावला: "आपल्या गावातील व्यवसाय व शिक्षण". सुरुवात बरी झाली. मुलं उत्तरं देत होती, आवाज बसला नाही. गावठाणातली घरं झाली, मग मी खालच्या ओळीवर छडी ठेवली आणि वाचलं, "नाल्यापलीकडील घरे. साक्षर घरप्रमुख: एकही नाही. यावरून आपल्याला काय दिसतं?"

तिसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, निळा स्कर्ट. तिचं नाव प्रज्ञा, ते नंतर कळलं.

"बाई, माह्या आजाले वाचता येते."

वर्गात कुणीतरी हसलं.

"बरं," मी म्हणाले. "बस खाली. आपण नंतर बोलू."

ती बसली नाही. उद्धटपणानं नाही, तिला खरंच समजत नव्हतं म्हणून. "तो पेपर वाचते रोज. तुमी आल्या होत्या तवा घरचे सारे वावरात होते. शेजारच्या वावरातून काकीनं पाह्यलं तुमाले. मंग कोणाले इचारलं तुमी?"

मी सरांकडे पाहिलं. ते लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं: ग्रामपंचायतीतून माहिती घेतली, असं म्हणता आलं असतं. मुलगी बसली असती, पाठ पुढं गेला असता. पण ती माझ्याकडे बघत होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

"कोणालाच नाही," मी म्हणाले. "घरं बंद होती. मी मनानं लिहिलं. ते चूक आहे."

मी तक्त्यावरच्या त्या ओळीवर कागद चिकटवला. पुढं काय शिकवलं ते मला नीट आठवत नाही. प्रज्ञाला तिच्या घराबद्दल विचारलं, मग दुसऱ्या मुलांनी हात वर केले, टाचण बाजूलाच राहिलं. घंटा झाली तेव्हा अर्धा पाठ शिल्लक होता.

बाहेर लिंबाखाली सर उभे होते.

"किती घरं?"

"पाच."

"नलिनीला माहीत आहे? अहवालावर तिचंही नाव असणार."

"नाही सर."

त्यांनी वही मिटली. "मी दुपारच्या गाडीनं जातोय. तुम्हीही त्याच गाडीनं येणार होतात."

"मी थांबते. संध्याकाळी जाऊन येते तिकडे."

"मी तुम्हाला थांबायला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "गुण आजच्या पाठाचे पडतील." आणि ते गेले.

ऊन उतरताना मी नाला ओलांडला. लोक नुकतेच परतले होते, चुली पेटत होत्या. प्रज्ञानं मला लांबून पाहिलं आणि घरात सांगितलं. तिचे आजोबा ओट्यावर खाटेवर बसले होते. उंच, हाडकुळे, अंगात रेल्वेचा जुना निळा कोट. मी कशी सुरुवात करावी याचा विचार करत होते, तोच ते म्हणाले, "बसा जी. पोरीनं सांगतलं मले सारं."

मी बसले. नवं पत्रक काढलं. त्यांनी हात पुढं केला.

"थे नाई. आधीचं दाखवा. तुमी काय लिवलं होतं थे."

मी ते पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि कागद उजेडाकडे धरून ते मोठ्यानं वाचू लागले. स्वतःचं नाव. वय. मग सावकाश, अक्षर न अडखळता, "शिक्षण. निरक्षर."

त्यांची सून चुलीपाशी हात थांबवून बघत होती. मला वाटलं, ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे काऊन लिवलं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं," मी म्हणाले.

"हं." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "गँगमधी होतो मी रेल्वेत. सोबतीच्यानं शिकवलं. पयले डब्ब्यावरचे आकडे, मंग स्टेशनाची नावं. छप्पनच्या सालापासून पेपर वाचतो. पोरगा आर्वीले कंडक्टर हाये एस्टीत. लिवा."

मी लिहिलं. मग ते स्वतः उठून माझ्याबरोबर बाकीच्या चार घरी आले. एका घरात एक विधवा बाई शिवणयंत्रावर साऱ्या गावाच्या चोळ्या शिवत होत्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. एका घरात दोन एकर शेत होतं. दोन घरांत शेतमजुरी, आणि घरप्रमुखांना खरोखर वाचता येत नव्हतं. त्यातल्या एकानं मला सही करायला शिकवा म्हटलं, आणि मी त्याला तिथंच खडूनं ओट्यावर त्याचं नाव काढून दिलं. परतताना प्रज्ञाच्या आईनं भाकरी आणि आंबाडीची भाजी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

निघताना आजोबा म्हणाले, "संध्याकाळी यायचं होतं बाई. आमी कुठं जाणार होतो?"

त्या शब्दांत राग नव्हता. तरी ते मला आजपर्यंत बोचतात.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला पोहोचल्यावर मी भावाकडे न जाता आधी नलूकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती, केस गळायला लागलेले. मी सगळं सांगितलं. "माहं नाव होतं त्याच्यावर," ती म्हणाली. मग म्हणाली, "खोटी पत्रकं फाडू नको. खऱ्यांच्या मागं लाव. मीबी सही करतो."

तसा अहवाल आम्ही दिला. ठोंबरे सरांनी त्यावर काही लिहिलं नाही. पाठाला मला जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले, आणि त्या वर्षी मी सेकंड क्लासात बी.एड. झाले. वडिलांनी नोकरीला हो म्हटलं, लग्न दोन वर्षं पुढं गेलं.

आता मी आठवी-नववीला शिकवते. पाठ्यपुस्तकात ग्रामीण समाजाचा धडा येतो, त्यात मजूर, निरक्षर, मागास असे शब्द एका ओळीत येतात. ते फळ्यावर लिहायच्या आधी मी खडू खाली ठेवते, वर्गाकडे वळते आणि विचारते, तुमच्या घरी कोण काय वाचतं? पहिला हात वर येईपर्यंत मी खडू पुन्हा उचलत नाही.