उलाळ

मेहुण्याला मी एकच गोष्ट विचारली होती. भरलेल्या ट्रेलरचं वजन किती?

"आठशे पन्नास, दाजी," तो म्हणाला. "यार्डातल्या काट्यावर चढवून आनलाय. किलोभर इकडं नाय, किलोभर तिकडं नाय."

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिचं माहेर उरणचं. कंटेनर यार्डाच्या बाहेर त्याचा वडे, भजी आणि चहाचा ट्रेलर उभा असायचा. रस्ता रुंद झाला आणि त्याची जागा गेली. संगमेश्वरच्या पुढे हायवेला लागून त्याच्या सासऱ्यांची मोकळी जमीन होती, तिथे पुन्हा धंदा उभा करायचं ठरलं. त्याची बायको आधीच जाऊन राहिली होती. ट्रेलर तेवढा पोचवायचा होता, आणि सगळ्या नात्यात पिकअप फक्त माझ्याकडे.

माझी पिकअप लहान आहे. मी रबाळ्याच्या कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवतो. गाडी छतापर्यंत भरलेली दिसते, पण आत बहुतेक हवाच असते. मागचा हूक आधीच्या मालकाने रीतसर बसवून कागदावर चढवलेला होता. मी तो कधी वापरला नव्हता. त्यामुळे मेहुण्याचा फोन आल्यावर आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत असा ट्रेलर ही गाडी हजार किलोपर्यंत ओढू शकते, असं त्यात होतं. मेहुण्याच्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. पुस्तकात हजार असेल तर मी नऊशेला थांबणारा माणूस. आठशे पन्नास ऐकून हो म्हणालो. ट्रेलरची नोंदणी, विमा, माझं लायसन्स, मागचे दिवे, सगळं बघून घेतलं. बायको म्हणाली, "लग्नाला निघालाय का ट्रेलर न्यायला?" ती स्वतःही बरोबर येणार होती, भावाचं नवं बिऱ्हाड बघायला.

आदल्या संध्याकाळी आम्ही खारघरहून उरणला गेलो. सामान मी स्वतः उभा राहून भरून घेतलं. माझे वडील साताऱ्याकडे बैलगाडी हाकायचे. त्यांच्याकडे गाडी भरायचे दोन शब्द होते. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी धुरजड, जू बैलांच्या मानेत रुततं. ओझं मागे जास्त झालं तर गाडी उलाळ. मग पुढची बाजू वर उचलते, जू मानेवरून सुटायला बघतं आणि चढावर बैल घाबरतात. वडील म्हणायचे, थोडी धुरजड चालेल, उलाळ नको. ट्रेलरचं शास्त्र तेच आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांडीवर यायला हवा. तो आला नाही तर वेग घेतल्यावर ट्रेलर मागे शेपटासारखा हलायला लागतो, आणि एकदा लागला की पुढच्या गाडीलाही फिरवतो.

म्हणून घरातला, उभं राहून वजन बघायचा काटा मी बरोबर नेला होता. फ्रीज आणि शेगडी चाकांच्या आसापुढे ठेवून घेतली, भांडी मध्ये, खुर्च्या मागे. सिलिंडर न्यायचेच नाहीत म्हणून सांगितलं. मग दांडी काट्यावर टेकवली. अठ्ठ्याऐंशी किलो. आठशे पन्नासला अगदी हवं तेवढं. मला मनापासून बरं वाटलं.

मेहुणा काट्याकडे बघत होता. "दाजी, ट्रेलरची साखर पन चेक करा," तो म्हणाला. बायको हसली. मीही हसलो.

सकाळी मी डिझेल आणि हवा भरायला पिकअप घेऊन गेलो. परत आलो तेव्हा ट्रेलरचं मागचं दार कुलूप लावून तयार होतं आणि दोघं बहीणभाऊ अंगणात चहा पीत बसले होते. मी दांडी हुकावर चढवली, साखळ्या लावल्या. दांडी हलकी लागली. वाटलं, रात्री झोप चांगली झाली.

बायको माझ्या शेजारी बसली. मेहुणा मोटरसायकलवर मागे. ती व्यवस्था माझीच होती. ट्रेलरचे दिवे, टायर, दाराचं कुलूप यावर मागून कुणाची तरी नजर असावी म्हणून.

पेण आणि वडखळपर्यंत ट्रकांच्या रांगेत कुठे वेग घेता आलाच नाही. नागोठणं मागे पडलं, सुकेळी खिंडीचा चढ मी खालच्या गिअरमध्ये चढवला. गाडी तक्रार करत होती, पण उन्हाचे दिवस होते, मी तो दोष उन्हाला दिला. खिंड उतरताना रस्ता मोकळा मिळाला. वेगाचा काटा पन्नासच्या वर गेला. तेवढ्यात एक एसटी जोरात शेजारून पुढे गेली, तिच्या वाऱ्याने ट्रेलर डावीकडे ढकलला गेला आणि परत आला. परत आला तो थांबला नाही. उजवीकडे गेला, मग डावीकडे, दर वेळी थोडा जास्त. आरशात एकदा ट्रेलरची ही बाजू दिसायची, एकदा ती. पिकअपचं मागचं अंग त्याच्याबरोबर सरकत होतं.

अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटं फिरवायचं नाही, हे मी वाचलं होतं. पण पाय ब्रेककडेच जातो. मी तो नुसता ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. बायकोने डॅशबोर्ड धरला होता. "अहो," ती म्हणाली. समोरून एक टँकर येत होता. तो शेजारून गेला तेव्हा ट्रेलर रस्त्याच्या आमच्या बाजूला होता. दुसऱ्या बाजूला असता तर हे लिहायला मी नसतो. हळूहळू हेलकावे लहान झाले आणि ट्रेलर सरळ मागे आला.

खिंड संपल्यावर एका हॉटेलच्या आवारात गाडी घेतली. इंजिन बंद केलं. मग उतरलो, चाकांना दगड लावले, दांडी सोडवली आणि काटा खाली ठेवला.

बावीस किलो.

रस्त्यात दांडीचं वजन कमी होत नाही. मागे काहीतरी आलं होतं. मेहुणा मोटरसायकल लावून येत होता. मी हात पुढे केला. "किल्ली."

"कनाला, दाजी?"

"किल्ली दे."

दार उघडलं. खुर्च्या आत ढकलल्या होत्या. दाराला लागून कडप्प्याच्या जाड लाद्या उभ्या रचलेल्या, आणि त्यांच्या शेजारी पीठ दळायचा दगडी ग्राइंडर, गोणपाटात गुंडाळलेला. मला नकळत भरायचं होतं म्हणून शेवटी भरलं, आणि शेवटी भरलं म्हणून ते दाराशी आलं, म्हणजे नको तिथे. तीनशे किलोला कमी नव्हतं.

"आठशे पन्नास म्हणालास," मी म्हणालो.

"आठशे पन्नासच होता ना. काट्यावर नेला तवा यो माल कुठं होता?"

"मग आता किती झाला?"

"तिकडं असा कडप्पा कोन देतंय? नवा हाय, दाजी. टाकून येऊ?"

"मी किती विचारलं."

तो म्हणाला, "अकराशे, साडेअकराशे. पन ओढला ना गाडीने? झाला काय?"

"तुझी बहीण पुढे बसली होती."

यावर त्याने बहिणीकडे पाहिलं. ते पाहणं मला बरोबर वाटलं नाही. मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. "दार मीच धरलं होतं."

हॉटेलचा पोऱ्या चहाचे ग्लास घेऊन उभा होता, तो तसाच मागे फिरला.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टेम्पो करा म्हणाला असता," ती म्हणाली. "त्याची आत्ता ऐपत नाही. आणि तुमच्या डोक्याला दिवसभर टेन्शन. मला काय माहीत दाराशी ठेवलं की असं होतं ते? मला वाटलं, थोडंसं तर आहे."

"मी काल दांडी मोजली तेव्हा तू हसत होतीस."

"दाजी, तुमी तायला बोलू नका," मेहुणा मध्ये पडला. "तुमाला खरा आकडा घरात कोन सांगतंय? सगलेच कापून सांगतात. आपल्याला ठाऊक हाय, दाजींना शंभर असेल तर सत्तर सांगायचा. मंग दाजी खूश, आपन खूश."

"गप रे," बायको म्हणाली. त्याच्यावर रागावून नाही. चुकून बोललास, अशा आवाजात. त्यावरून मला कळलं की हे खरं आहे.

कडप्पा उतरवून हॉटेलवाल्याच्या मागच्या भिंतीला लावला, मेहुण्याने तो नंतर टेम्पोने न्यायचा होता. ग्राइंडर तिघांनी मिळून सरकवत पुढे नेला आणि पिकअपच्या हौद्यात चढवला. दांडी पुन्हा काट्यावर टेकवली. मेहुणा खाली वाकून म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी." मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, गुडघे टेकले आणि स्वतः वाचलं. अठ्ठ्याऐंशीच होतं. तो दुखावला गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

बायकोला म्हणालो, "तुला एसटीने यायचं असेल तर कोलाडपर्यंत सोडतो."

"कशाला? आता बरोबर आहे ना वजन?"

"आहे."

"मग बसते की," ती म्हणाली आणि दार उघडून बसली.

चाळीसच्या वर गेलो नाही. मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर पोचला. मेहुण्याच्या सासऱ्यांनी नारळ फोडला, मला खुर्ची दिली. मेहुणा त्यांना सांगत होता, "दीड टन माल ओढला दाजींनी या एवढ्याशा गाडीने." माझ्यासाठी त्याने जो आकडा कापला होता, तोच सासऱ्यांसाठी वाढवला. मी हातातलं खोबरं खाल्लं. पाहुणा होतो.

परतीच्या दिवशी पिकअप रिकामी होती. चिपळूणपर्यंत आम्ही डिझेल आणि जेवण याखेरीज काही बोललो नाही. मग मी विचारलं, "आणखी काय काय कापलं?"

तिला विषय बदलायचा नव्हता बहुतेक. खिडकीबाहेर बघत सांगायला लागली. मुलगी लहान असताना तिला ताप आला होता, मी रबाळ्याला होतो, फोनवर एकशे एक सांगितला. "एकशे चार होता. शेजारच्या वहिनींना घेऊन मी दवाखान्यात गेले. तुम्ही गाडी पळवत आला असता." खारघरच्या घराच्या वास्तुशांतीला पन्नास माणसं म्हणून मला सांगितलं होतं, जेवली नव्वद. जेवण पुरलं कसं, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

"आणि तुमच्या आईंची साखर."

माझी आई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती. तिच्या रक्तातल्या साखरेचे आकडे बायको तपासून सांगायची, ते मी दर आठवड्याला लिहायचो, त्याचा आलेख काढून फ्रीजवर लावला होता. आलेख छान उतरत गेला होता. मी तो पाहुण्यांना दाखवायचो.

"त्या म्हणायच्या, त्याला दीडशे सांग. उगाच रात्री जागतो."

"डॉक्टरांना?"

"डॉक्टरांना खरा सांगायचे. मला काय वेड लागलंय?"

म्हणजे डॉक्टरांना खरा आकडा, शेजारणीला खरा, मेहुण्याला खरा. आईसुद्धा त्यातच. माझ्याभोवती सगळे एका हिशेबाने जगत होते आणि मी एकटाच, कागद-पेन्सिल घेऊन, दुसऱ्या. आईची आठवण काढली की मला तो उतरता आलेख दिसायचा. आता त्या जागी काय बघायचं, ते मला समजेना. बायकोवर ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडायला एखादी ठराविक चूक लागते. इथे तसं काही नव्हतं, इतकी वर्षं होती.

"तुम्ही चिडता म्हणून नाही," ती म्हणाली. "तुम्ही चिडत नाही. तुम्ही बसून राहता. जेवत नाही. आकडा हातात धरून बसून राहता. ते बघवत नाही."

मी मागच्या ट्रकला पुढे जाऊ दिलं.

माणगावच्या कोंडीत गाड्या थांबल्या होत्या. मुलीचा फोन आला. ती आता कॉलेजात आहे, घरी एकटी होती. बायकोने विचारलं, "किती वाजतील? विचारतेय ती."

पुढचा रस्ता, कोंडी, पनवेलची संध्याकाळची वेळ असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात झालेला होता. नऊ वाजणार होते.

"साडेसात," मी म्हणालो.

तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. फोनवर म्हणाली, "साडेसात. बाबांनी सांगितलंय, म्हणजे साडेसातच. सातला कुकर लाव, गरम जेवू." आणि फोन पर्समध्ये ठेवून तिने डोळे मिटले.

समोरची गाडी हलली. मी गिअर टाकला.