सेक्रेटरीची आजारी बायको

वसुधाकाकू सबनीसांना आयुष्यात कधी धड पडसंसुद्धा झालं नव्हतं. इस्पितळाच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं नोकरी केली, पण आजारपणाची रजा म्हणून एक दिवस घेतली नाही. त्यामुळे २००६ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी सॉकरच्या मैदानाच्या फाटकाशी एक परकी बाई त्यांच्या गळ्यात पडून "देवा, तू चालतेस!" म्हणत रडायला लागली, तेव्हा काकूंना वाटलं, बाईची माणसं ओळखण्यात चूक होतेय.

काकू तिथे आल्या त्या नाइलाजाने. त्यांचे यजमान चारुदत्त हे इथल्या सॉकर क्लबचे पहिल्या दिवसापासूनचे सेक्रेटरी. क्लबला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी इतिहास लिहिला, आणि नेमका समारंभाच्या आठवड्यात गराजमध्ये शिडीवरून पडून पाय मोडून घेतला. "इतिहासाचं पाकीट शेजारच्या ऋषीबरोबर पाठव, तू कशाला तडफडतेस?" हे त्यांनी दहादा सांगितलं. दहादा सांगितलं म्हणूनच काकू स्वतः निघाल्या. कुणी नको म्हटलं की त्यांच्या पायांना चाकं फुटतात!

"मी वसुधा सबनीस," काकू त्या बाईला समजावत म्हणाल्या.

"माहितीये ना! मी मिसेस नूनेस. वीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावतेय."

तेवढ्यात दोन धिप्पाड खेळाडू खुर्ची घेऊन धावत आले. एकाने काकूंच्या पाठीमागे उशी खोचली, दुसऱ्याने पाणी आणलं. काकू म्हणाल्या, "अरे, मी ठणठणीत आहे." त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता काय बोलावं माणसाने!

"माझं सूप आवडायचं का गं?" मिसेस नूनेसने विचारलं.

काकूंच्या डोक्यात आता कुठे थोडा उजेड पडला. दरवर्षी सीझनच्या पहिल्या मॅचला इथे घरोघरच्या बायका एकेक पातेलं घेऊन येतात. आणि दरवर्षी त्या दिवशी चारुदत्त डब्यात हिरव्या पाल्याचं सूप आणायचे. "कमिटीचं उरलंय," म्हणायचे. काकू ते प्यायच्या आणि मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवायच्या. पण सूप आजाऱ्यासाठी? आजारी कोण? कधी? कशाने?

"त्यांनी काय सांगितलं होतं?" काकूंनी चाचरत विचारलं.

"एवढंच, की बायकोला बरं नसतं, म्हणून ती येत नाही. जास्त विचारलं की गप्प व्हायचा बिचारा."

बिचारा! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धडधाकट बायकोला खाटेवर घातलं या माणसाने! घरी गेल्यावर बघतेच, असं त्या मनाशी म्हणत होत्या, तोवर कोचने त्यांच्या हातात माइक दिला. सेक्रेटरीचा इतिहास सेक्रेटरीच्या बायकोने वाचायचा, असं कमिटीने तिथल्या तिथे ठरवलं होतं.

काकूंनी पाकीट फोडलं. शहाऐंशी साली गावात तीन टीम होत्या. पोर्तुगीज गवंड्यांची, हंगेरियन चर्चवाल्यांची, आणि क्रिकेटला जागा न मिळालेल्या देशी इंजिनियरांची. अकरा माणसं एकाकडेही भरत नव्हती आणि गावची नगरपालिका मैदान देणार होती एकाच टीमला. म्हणून तिघे एक झाले. टाइपरायटर फक्त सबनीसांकडे, म्हणून सेक्रेटरी सबनीस. अठ्ठ्याण्णवपासून खेळाडूंना पगार सुरू झाला. आता गोलकीपर घानाचा, बॅकला होंडुरासचे दोघे भाऊ, कोच पोलंडचा. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. काकू वाचत होत्या आणि हा कुणाचा नवरा लिहितोय, हेच त्यांना कळत नव्हतं.

शेवटच्या पानावर त्या अडखळल्या. 'हे सगळं आपापल्या घरच्यांच्या जिवावर झालं. माझी पत्नी वसुधा प्रकृतीमुळे कधी येऊ शकली नाही.'

हे वाचायचं, की खरं सांगून टाकायचं? खरं सांगितलं तर वीस वर्षांच्या सेक्रेटरीची एका मिनिटात शोभा. आणि वाचलं तर आपण जन्माच्या रोगी. मिसेस नूनेस पुढच्याच रांगेत डोळे पुसत होती. खरं तरी काय सांगणार होत्या त्या? दर मे महिन्यात नवरा दारात उभा राहून "येतेस?" विचारायचा, आणि आपण भाजी निवडता निवडता वर न बघता म्हणायचो, "बावीस धटिंगण एका चेंडूमागे धावतात, त्यात मी काय बघू? तुम्ही जा." हे सांगायचं?

काकूंनी ओळ वाचली. शब्दन् शब्द वाचली. मग मिसेस नूनेसच्या शेजारी जाऊन बसल्या.

मॅच सुरू झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"सगळं कळलं मला," काकू म्हणाल्या. "एवढंच सांगा, मला झालं होतं तरी काय? इथे सगळे विचारताहेत. काहीतरी नाव द्याल की नाही?"

"मुद्दाम दिलं नाही," चारुदत्त हळूच म्हणाले. "नाव दिलं की आजार पक्का होतो. मला वाटायचं, एखाद्या वर्षी तू 'येते' म्हणशील. मग तुला बरं व्हायला नको का?"