चष्म्यातली खोली

शहरातल्या एका बंगल्यात मी काही वर्षं घरकाम केलं. दूरच्या नात्यातल्या बाईंनी नोकरी म्हणून नेलं होतं. तिथे पगार नव्हता, फोन नव्हता, आणि काम आटोपलं की मला कोठीत घालून बाहेरून कडी लावत. शेजारच्या मोलकरणीने एका संस्थेला कळवलं, म्हणून सुटले.

माझ्या गावी, इंझोरीला परत आले तेव्हा कोणी काही विचारलं नाही. गावाने काय ते मनाशी ठरवून टाकलं होतं. भावाच्या घरामागची खोली मला मिळाली, तिथे मी शिवणकाम करू लागले. बायका ब्लाउज टाकायला येत, माप देत आणि उभ्याउभ्याच परत जात.

पुढे त्याच संस्थेच्या दोन मुली आल्या. माझी हकिकत ऐकून त्यांनी चष्मा लावून पाहायची फिल्म केली. तो चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस थेट त्या जागेत जाऊन बसतो. माझं नाव गाळलं, आवाज दुसरीचा घेतला. खोली मात्र मी सांगितली तशीच उभी केली: तेलाचे डबे, कांद्याचं पोतं, छताजवळचा झरोका.

गेल्या हिवाळ्यात ती फिल्म आमच्याच शाळेत दाखवली. मी मागच्या बाकावर बसले होते. बायका चष्मा लावून माना वळवत, दार शोधत. एकीने तर दोन्ही हातांनी हवाच ढकलली. शेजारीण रडतच बाहेर निघाली. जाता जाता मला म्हणाली, "कोनाची पोरगी असन बिचारी? लय हाल केले वो तिचे."

मी मान हलवली. त्या पोरीचा मला हेवा वाटला.

शेवटी वहिनी बसली. ती रडली नाही. चष्मा काढून तो मांडीवर धरून राहिली, मग माझ्या बाकावर आली.

"म्हनून तू थंडीतबी दार लावू देत नोती काय?"

"हो."

"मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं नाही, वहिनी."

शाळा रिकामी होईस्तोवर ती माझ्याजवळून उठली नाही.

ती पोरगी कोण, हे गावाला अजून ठाऊक नाही. आम्ही दोघीही पुन्हा त्यावर बोललो नाही. दुपारी वहिनी तूर निवडायला घेऊन माझ्याकडे येते. तिचे हात चालतात, माझी मशीन चालते. ती उठून गेली की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते.