दर ओळीला हूं

गाण्याच्या परीक्षेचा एक नियम होता: रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज नको. पाखरं चालतील, वारा चालेल, माणूस नको. हा नियम ज्यानं केला, त्याला एकदा वाशीमला आणून आमच्या गल्लीत बसवायला पाहिजे. मग कळेल.

मी इथल्या एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवते. लहानपणापासूनची भजनं आणि हार्मोनियम, एवढीच माझी शिदोरी. संस्थाचालक म्हणाले, कायम व्हायचं असेल तर पाश्चात्त्य गायनाचं प्रमाणपत्र आणा, पालकांना दाखवायला बरं पडतं. आणा म्हणे! जसं काही ते आठवडी बाजारात पावशेर मिळतं. नाइलाजानं मी गोव्याच्या एका मॅडमकडे मोबाइलवर शिकायला लागले.

परीक्षेला दोन गाणी होती. पहिलं चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी विरहगीत, ल्यूट नावाच्या तंतुवाद्याच्या साथीवर. या गाण्यानं माझा जीव खाल्ला. माझा गळा सवयीनं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा आणि मॅडम ओरडायच्या, "पायरी पायरीनं! घसरगुंडी नको!" जीव जातोय असं गायचं, पण मुरकी घ्यायची नाही, हात हलवायचा नाही. अरे, मग विरह करायचा तरी कशानं? पण जमलं एकदाचं. दुसरं होतं तिकडच्या खेड्यातलं जुनं लोकगीत, साथीशिवाय, नुसत्या गळ्यानं. त्यावर मॅडमचं एकच पालुपद. "सूर बरोबर आहेत, पण तू कुणालाच सांगत नाहीयेस. ही गोष्ट आहे. कुणाला तरी सांग." आता कुणाला सांगू? भाजीवाल्याला?

रेकॉर्डिंग पाठवायचा शेवटचा दिवस रविवार. शनिवारी घरी बसले तर विरहगीत कसंबसं उरकलं, पण लोकगीत काही गल्ली होऊ देईना. आधी शेजारचा कुकर, मग भंगारवाल्याचा भोंगा, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. रडकुंडीला आले. रविवारी सकाळीच बस धरली आणि माहेरी इंझोरीला गेले.

भाऊ-भावजय सोयाबीन काढायला वावरात गेले होते, घरी आई एकटीच. मी दारं लावली, मोबाइल धान्याच्या कोठीवर टेकवला आणि तिला बजावलं, "आई, आता अर्धा घंटा काही बोलू नको."

"नाई बोलत. पन गानं कायचं हाये ते त सांग."

मला मॅडम आठवल्या. म्हटलं चला, हिलाच सांगू. एका पोरीचा होणारा नवरा जहाजावर जातो. जाताना लाकडी कंगवा मोडून अर्धा तिला देतो, अर्धा आपल्याजवळ ठेवतो. सात वर्षांनी एक अनोळखी माणूस दारात येऊन तिला लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. मग तो खिशातून अर्धा कंगवा काढतो.

"थांब," आई म्हणाली. "तिनं त्याले वळखलं नाई?"

"सात वर्सं झाली ना, आई."

"अवं, सत्तर होऊ दे. चालीवरून मानूस वळखू येते. अन् त्यानं ढोंग कायले केलं? सीधं सांगाचं नं, मी आलो म्हनून. वा रे गडी!"

तिचा राग शांत होईपर्यंत थांबले आणि मग सुरू केलं. पहिली ओळ छान गेली. ओळ संपली आणि समोरून आवाज आला, "हूं."

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण आई पुढं सरकून, माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं तिला, पण कुठं जहाज सुटलं, कुठं सात वर्षं सरली, सगळं तिला कळत होतं. दर ओळीला हूं. कंगव्याच्या ओळीला तर चांगलं लांबलचक हूंऽऽ. मी शेवटपर्यंत गायले आणि मोबाइल बंद करून भडकलेच.

"तुले बोलू नको म्हनलं होतं ना!"

"मी कुठी बोलली? हूं म्हनलं."

"हूं म्हंजे बोलनंच होते!"

"घ्या! गोठ सांगनाऱ्याले हूं द्या लागते, बाई. नाई त त्याले वाटते, समोरचा झोपला."

लहानपणी तिच्या गोष्टींना आम्हीच हूं द्यायचो. ते चुकलं की ती गोष्ट बंद करायची.

दुसऱ्या वेळी तिनं तोंडात पदर कोंबला. बिचारी डोळे वटारून गप्प बसली. मी गायले, आणि अनोळखी माणूस दाराशी येताच माझी पुढची ओळच गेली. हूंची वाट पाहत होते मी! स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर घरामागच्या वावरात मळणीयंत्र सुरू झालं, ते दिवस बुडेपर्यंत थांबलं नाही. पाठवायची वेळ संपत आली होती. शेवटी गच्चीवर जाऊन, रेंज शोधत, हूंवालं गाणंच पाठवून दिलं. म्हटलं, परीक्षकाला म्हैस वाटली तर वाटली.

नाही वाटली. निकाल आला: विरहगीताला चांगले गुण, लोकगीत दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजामुळे रद्द. म्हणजे मी नापास. मॅडमनी ते ऐकलं होतं. म्हणाल्या, "या वेळी पहिल्यांदाच तू कुणाला तरी सांगत होतीस." मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या गोष्टीसाठी वर्षभर माझं डोकं खाल्लं, ती साधली आणि तीच नडली! शाळेनं कायमच्या जागेवर अकोल्याची एक मुलगी घेतली. मी अजून तासिकेवरच.

दिवाळीला इंझोरीला गेले ते ठरवूनच, की या वेळी आईला ऐकवायचंच. तुझ्या एका हूंनं माझी कायमची नोकरी गेली, असं तोंडावर सांगायचं. ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती.

"काय झालं तुह्या परीक्षेचं?"

"सांगते," मी तणतणत म्हणाले. "तिकडे लंडनले एक साहेब बसला होता. त्यानं माहं गानं लावलं."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसली.

"हूं," ती म्हणाली.