पाच जणींची दोरी

"बॉल नंतर. आधी दोरी," असं म्हणत आमच्या बास्केटबॉलच्या मॅडम स्कूटीच्या डिक्कीतून निळी नायलॉनची दोरी काढायच्या आणि कॉलेजच्या संघातल्या आम्हा पाच जणींना कमरेला एकीशेजारी एक बांधायच्या. मग मैदानाच्या कडेला उभं राहून नुसता हात दाखवायच्या, कधी उजवीकडे, कधी डावीकडे, आणि आम्ही त्या दिशेनं खेकड्यासारखं सरकायचं. एक जरी रेंगाळली तरी दोरी ताणली जायची आणि पाची जणी सिमेंटवर गडगडायच्या. कठड्यावर बसलेली मुलं खिदळायची. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्या पोरांना बास्केटबॉल म्हणजे फक्त बास्केटच वाटते, हसू द्या, म्हणायच्या.

तुम्हीही कधी कॉलेजचा सामना पाहिला असेल, तर तुमचं लक्ष बॉल टाकणारीकडेच गेलं असणार. टाळ्या तिला, फोटो तिचा. मॅडम मात्र सामना बघताना बॉलकडे फारसं बघायच्याच नाहीत. बॉल एका टोकाला असायचा आणि त्यांची नजर दुसऱ्याच टोकाला, कमरेवर हात ठेवून निवांत उभ्या असलेल्या कुणावर तरी. "तू काहून उभी आहे वं? तुही मैत्रीण तिकडे एकटी पडून राहिली."

साडी, पांढरे बूट, गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी. दोन्हींचा गुंता व्हायचा आणि फाऊल झाला तरी शिट्टी वेळेवर सापडायची नाही.

दोरी त्यांच्या नंदनवनच्या घरची, कपडे वाळवायची. ती मैदानावर आली की काकांचे, म्हणजे मॅडमच्या यजमानांचे, ओले कपडे फाटकावर नाहीतर कुंड्यांवर पसरलेले असायचे. "तुह्या डिफेन्सपायी माही बनियन साऱ्या गल्लीनं पायली," असं ते आमच्यासमोरच म्हणायचे. एकदा त्यांनी नवी दोरी आणून दिली. मॅडमनी दोन दिवस वापरून ती परत केली. नवी टोचते, जुनी पोरींच्या अंगाला बसली आहे, म्हणाल्या.

दोरी सुटली की दुसरा धडा. एखादी बॉलवालीसमोर एकटी उभी ठाकली, की तिच्या मागच्या मुलीनं ओरडून सांगायचं, "मागं आहो!" आम्हाला लाज वाटायची. मी मागे उभी आहेच की, ओरडायचं कशाला, असं मी एकदा म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मनातल्या मनात उभी राहू नको. तिले ऐकू गेलं पाहिजे."

त्याचा अर्थ मला उपांत्य सामन्याच्या दिवशी कळला. समोरच्या संघात एक ताडमाड मुलगी होती. आमच्यातल्या उंच मुलीचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता, आणि तिच्याऐवजी त्या मुलीला अडवायचं काम मॅडमनी मला दिलं. मी तिच्या खांद्याला लागत होते. सगळ्या कॉलेजसमोर माझं हसं होणार म्हणून मी रडकुंडीला आले. मला बाहेर बसवा, असं चक्क सांगितलं.

"तुले तिले अडवायचंच नाही," मॅडम म्हणाल्या. "तू फक्त तिची वाट सोडू नको. थोडी रखडव. बाकीच्या येतेत."

"आणि नाही आल्या तर?"

"दोरी काय उगाच बांधली का?"

पहिल्यांदा ती मुलगी वळून अंगावर आली तेव्हा मी एक पाऊल बाजूला सरकलेच. तेवढ्यात पाठीमागून "मागं आहो!" ऐकू आलं आणि पाय जागेवर आले. ती डावीकडे वळली, तिथे आमची दुसरी. उजवीकडे वळली, तिथे तिसरी. मी त्या सामन्यात एकही बास्केट केली नाही आणि आम्ही जिंकलो. अंतिम सामना सपशेल हरलो, तो भाग वेगळा.

पुढे कॉलेज सुटलं, पाची जणींची तोंडं पाच दिशांना झाली. बाबांना रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनसाठी भरती केलं तेव्हा मी एकटीच होते. नवरा बदलीच्या गावी, भाऊ-बहीण नाही. मॅडमचा सहज फोन आला. मी म्हटलं, जमतंय, कुणाला कशाला त्रास? त्या अशा चिडल्या, जशा मैदानावरही कधी चिडल्या नव्हत्या. "आधी बोल तर वं. बोलल्याबिगर कोणाले समजेन?"

त्यांनी फोन फिरवले आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या चौघी हजर. कुणी डबा आणला, कुणी औषधांच्या रांगेत उभी राहिली, कुणी मला घरी झोपायला हाकललं. मॅडम स्वतः बाकावर येऊन बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवून होत्या. बाबा बरे होऊन घरी आले. मॅडमनी मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी ते बाक दाखवीन.

मागच्या हिवाळ्यात मॅडम अचानक गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि काका एकटे उरले. मुलगा पुण्याला बोलावतो, ते जात नाहीत. महिन्याभरानं आम्ही पाची जणी नंदनवनला गेलो.

काकांनी दारातच सांगून टाकलं, "मी करून राहिलो ना सारं. तुमी काहून त्रास घेता?" मला माझंच हॉस्पिटलमधलं बोलणं आठवलं. त्यांच्या मागे अंगणात ती निळी दोरी बांधलेली होती. आमच्या गाठी तशाच होत्या. दोरीवर एक शर्ट आणि एक बनियन, बाकी सगळी रिकामी.

आमची उंच मैत्रीण तशी अबोल. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि मैदानावर ओरडायची तशी ओरडली, "काका, मागं आहो."

काका दचकले. "एवढ्या जोरात काहून वं? मी बहिरा आहो का?"

"ऐकू गेलं पाहिजे," आम्ही पाची जणी एकदमच म्हणालो.

काका हसले, आणि मग दाराची चौकट धरून रडायला लागले.